दोरीवरचा हिरवा सदरा

आमच्या गल्लीत हिरवं काही चालत नसे. ना पडदा, ना कपबशीवरची वेल, ना तान्ह्या बाळाची लोकर. माझ्या लग्नात लीड्सच्या मावशीने हिरव्या काचेची फुलदाणी आणली, ती सासूने उंबऱ्यावरूनच परत पाठवली. मावशी मरेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. हल शहरातल्या हेसल रोडला लागून ज्या गल्ल्या आहेत, तिथे जन्मलेल्या कुणालाही विचारा. ज्या घरचा पुरुष बोटीवर, त्या घरात हिरवा रंग नाही. तो निघेल त्या दिवशी कपडे धुवायचे नाहीत, नाहीतर तोही धुऊन जातो. दारात उभं राहून हात हलवायचा नाही, गोदीपर्यंत सोडायला जायचं नाही, डुकराचं नाव घ्यायचं नाही. मी या गोष्टींना हसते, असं मी जन्मभर म्हणत आले, आणि त्यातली एकही कधी मोडली नाही.

माझ्या मुलीने, मॅक्सीनने, १९७८च्या फेब्रुवारीत एका सकाळी दोन मोडल्या.

विल्फ, माझा नवरा, अठ्ठावीस वर्षं ट्रॉलरवर होता. तीन आठवडे समुद्रात, तीन दिवस घरी. त्या तीन दिवसांत टॅक्सीने फिरायचं, फिका निळा सूट घालायचा, ओळखीच्या-बिनओळखीच्या सगळ्यांना बिअर पाजायची. मग आइसलँडवाल्यांनी त्यांचा समुद्र आम्हाला बंद केला आणि मालकांनी बोटी भंगारात काढायला सुरुवात केली. कारखान्यातून माणूस काढला तर त्याच्या हातावर काहीतरी ठेवतात. आमच्या पुरुषांना मात्र कळलं की ते नोकरीला कधी नव्हतेच. दर फेरीला नवी सही, म्हणजे दर फेरीला नवी नोकरी, म्हणजे अठ्ठावीस वर्षं विल्फ हंगामी. ऑफिसातल्या माणसाने हे समजावून सांगितलं तेव्हा विल्फ टोपी हातात धरून उभा होता. घरी येऊन हे सांगताना त्याला त्या टोपीचीच जास्त लाज वाटत होती.

मॅक्सीन तेव्हा सतरा वर्षांची. शाळा सोडून मासे गोठवण्याच्या कारखान्यात लागली आणि आठ महिन्यांत कारखान्याला टाळं लागलं. दर पंधरा दिवसांनी बेकारीच्या ऑफिसात जाऊन सही करायची, एवढंच तिचं काम. म्हणायची, "माझी सही आणि बाबाची सही. या घरात शिक्षण वाया गेलं नाही."

कारखान्यातल्याच दोन मैत्रिणींना घेऊन तिने बँड काढला. नाव ठेवलं 'आतडी', कारण आठ महिने तिघींनी तीच उपसली होती. तिघींना मिळून चार सूर येत असतील. बापाचं जुनं पिवळं मेणकापड कापून तिने जाकीट केलं, फाटलं तिथे सेफ्टी पिना लावल्या, गळ्यात जाळी विणायची लाकडी सुई अडकवली. ती सुई माझ्या आईची. ज्या माळ्यावर माझ्या आईने तीस वर्षं जाळी विणली, तो माळा आता रिकामा होता आणि तिथेच या पोरी ढोल बडवायच्या. एकदा मी तिला चिप्स द्यायला गेले आणि जिन्यातच थांबले. वर मॅक्सीन घसा फाडून ओरडत होती:

सही कर, चढ, मर.
सही कर, चढ, मर.
उरलास तर परत ये,
पुन्हा सही कर.

मला ते गाणं वाटलं नाही. पण अंगावर काटा आला, आणि चिप्स पायरीवर ठेवून मी खाली आले.

जानेवारीच्या शेवटी विल्फला बोट मिळाली. सव्वा वर्षाने. 'एला ग्रेस' नावाची म्हातारी बोट, नॉर्वेच्या किनाऱ्याकडे एक शेवटची फेरी आणि मग भंगारात. विल्फने तो निळा सूट कपाटातून काढून दारावर टांगला, जणू लग्नाला चालला होता. समोरच्या घरातल्या हिल्डाचा धाकटा, कॉलिन, त्याच बोटीवर होता. एकोणीस वर्षांचा, नुकतीच मिशी फुटलेला. हिल्डा आणि मी वीस वर्षं एकाच टेबलावर मासे चिरलेत. तिचा थोरला मुलगा दहा वर्षांपूर्वी समुद्रात बुडाला होता.

बुधवारी संध्याकाळी चहाच्या टेबलावर बापलेकीचं वाजलं. मॅक्सीन म्हणाली की ज्यांनी लाथ मारली त्यांनी शीळ घातली की हा निघाला. विल्फ तिच्यावर हात उचलणारा माणूस नव्हता. तो शांतपणे म्हणाला, "पोरी, मला दुसरं काही येत नाही." ती ताट तसंच टाकून माळ्यावर निघून गेली.

ती गेल्यावर विल्फने मला खरी गोष्ट सांगितली. एला ग्रेसचा रेडिओ आजारी होता. मध्येच मरायचा, अर्ध्या दिवसाने उठायचा. रेडिओवाल्याने दुरुस्तीसाठी अर्ज दिला होता. ऑफिसातून उत्तर आलं की ही शेवटची फेरी आहे, आता खर्च कशाला.

"मग नको जाऊस," मी म्हणाले.

"नाही म्हटलं तर पुन्हा बोट नाही. ठाऊक आहे ना तुला? कुणाला बोलू नकोस, मेव्हिस. बाहेर गेलं तर कुणी सांगितलं ते शोधतील."

मला ठाऊक होतं. गोदीवर तोंड उघडलं की माणसाला महिनोन्महिने बोट न देता किनाऱ्यावर बसवून ठेवायचे, तेही बोटी भरपूर होत्या तेव्हा. आता तर सात-आठच उरल्या होत्या आणि त्यांच्यामागे शेकडो पुरुष. दहा वर्षांपूर्वी याच दिवसांत तीन आठवड्यांत तीन बोटी बुडाल्या तेव्हा आम्ही बायका डोक्याला रुमाल बांधून गोदीवर चालून गेलो होतो. हिल्डा होती, मी होते. प्रत्येक बोटीवर रेडिओवाला हवा म्हणून आम्ही सह्या गोळा केल्या आणि तो मिळवला. पण जी बाई पुढे होती, तिला नंतर या शहरात कुणी काम देईना. ती समोरून आली की मी रस्ता ओलांडायचे. मी तेव्हाच कानाला खडा लावला होता.

गुरुवारी पहाटे टॅक्सी आली. विल्फ आणि कॉलिन बसले. मी दारात उभी राहिले नाही, हात हलवला नाही, चुलीकडे तोंड करून बसले. नियमाप्रमाणे सगळं केलं आणि कामावर गेले.

दुपारी परतले तर गल्ली गप्प होती. आमच्या गल्लीत समोरासमोरच्या घरांना कपडे वाळत घालायची दोरी बांधलेली असते. त्या दिवशी सगळ्या दोऱ्या रिकाम्या होत्या, फक्त आमची सोडून. आमच्या दोरीवर विल्फचा पांढरा सदरा टांगलेला होता आणि तो हिरवागार होता. बाह्या खाली लोंबत होत्या, टोकांतून फरसबंदीवर हिरवे थेंब पडत होते. बायका आपापल्या दारांत उभ्या होत्या आणि कुणी सदऱ्याकडे बघत नव्हतं, सगळ्या माझ्याकडे बघत होत्या.

आत मॅक्सीन मोरीपाशी बसली होती. केस कानापर्यंत कापलेले, ताठ उभे आणि सदऱ्याइतकेच हिरवे. कपडे रंगवायच्या पुडीचा डबा बाजूला उघडा पडला होता.

 मी तिच्या कानाखाली वाजवली. आयुष्यात पहिल्यांदा.

ती रडली नाही. गालावर हात ठेवून म्हणाली, "आजीने सगळे नियम पाळले, आई. आजोबा बुडाले. हिल्डामावशीने पाळले, तिचा थोरला बुडाला. आणि मालकांच्या बंगल्यांपुढे बघ जरा जाऊन. हिरवळच हिरवळ आहे. त्यांच्याकडचं कधी कोण बुडालं?"

मी म्हणाले, ते मला शिकवू नकोस, आधी तो सदरा काढ. ती म्हणाली, शनिवारी चर्चच्या हॉलमध्ये बँडचा कार्यक्रम आहे, तोच सदरा घालून गाणार आहे. सदरा मीच काढला. ओला होता. माझे हात मनगटापर्यंत हिरवे झाले, आणि मी ते गरम पाण्याने धुवायला गेले आणि नळाखाली धरणार तोच थांबले. आज धुवायचं नव्हतं. मी तशीच हिरव्या हातांनी रात्रीपर्यंत बसले.

शुक्रवारी बोटीचा निरोप आला, सगळं ठीक. शनिवारी आला नाही.

रोज सकाळी प्रत्येक बोटीने ऑफिसला रेडिओवरून कळवायचं असतं. रविवारीही कळवलं नाही तेव्हा मी ऑफिसच्या दारात गेले. तिथल्या माणसाने सांगितलं की वादळ आहे, वादळात निरोप अडतात, घरी जा आणि चहा प्या. माझ्या जिभेवर आलं होतं. रेडिओ. एवढा एक शब्द. मी बोलले असते तर बाहेर कळलंय या धाकाने कदाचित त्यांनी त्याच दिवशी शोधायला विमान पाठवलं असतं. पण मला वाटलं, आज संध्याकाळी निरोप आला तर? विल्फ सुखरूप आला आणि त्याला कळलं की मी बोलले, तर? त्या माणसाच्या टेबलावर एक वही होती. वहीत कसली नावं होती देव जाणे, मला विल्फचं दिसू लागलं. मी "बरं साहेब" म्हणाले आणि घरी आले.

सोमवारी रेडिओवरच्या बातम्यांत बोटीचं नाव आलं. उत्तरेकडे इतकी थंडी होती की लाट उडाली की दोरांवर बर्फ होऊन बसत होती. अशा वेळी पुरुष कुऱ्हाडी घेऊन रात्रंदिवस बर्फ फोडतात, कारण वरचं ओझं वाढलं की बोट कलंडते, आणि कलंडली की कुणाला हाक मारायलाही वेळ मिळत नाही. हे आमच्याकडची सहा वर्षांची पोरं सांगतात. विल्फचे खांदे दुखायचे. मी रात्रभर त्याच्या खांद्यांचा विचार करत पडून राहायचे.

गल्ली देव पाण्यात घालून बसली होती, आणि पाण्याकडे बघायचं सोडून सगळ्यांचं लक्ष माझ्या दाराकडे. मासळीच्या टेबलावर माझ्या डाव्या-उजव्या बाजूच्या बायका सरकून बसू लागल्या. हिल्डा तर उठून दुसऱ्या टेबलावर गेली. शनिवारचा कार्यक्रम व्हायच्या आधीच चर्चवाल्यांनी हॉल नाकारला होता. मॅक्सीन बेकारीच्या ऑफिसात सहीला गेली तर रांगेतल्या लोकांनी तिला मागे ढकललं. सोमवारी संध्याकाळी तीन दांडगट पोरं तिच्यामागे माळ्यापर्यंत धावली, एकाच्या हातात बाटली होती. ती घरी आली तेव्हा गुडघा फुटला होता.

"आता तरी कापून टाक," मी म्हणाले. "माझ्यासाठी कापून टाक."

"केसांनी बोट बुडत नाही, आई. बोलून दाखव. तुला वाटतं का, केसांनी बुडते?"

 खरं सांगायचं तर तेव्हा मला काय वाटत होतं ते मलाच कळत नव्हतं. मला रेडिओचं ठाऊक होतं आणि तरीही पहाटे डोळा उघडला की मला दोरीवरचा तो सदरा दिसायचा, लोंबत्या बाह्यांचा. अठ्ठावीस वर्षांची सवय अशी एका शब्दाने जात नाही. आणि दुसरंही होतं, तेही सांगून टाकते. लोक केसांबद्दल बोलत होते तोवर मला रेडिओबद्दल बोलावं लागत नव्हतं. वडाची साल पिंपळाला लागत होती आणि मी लागू देत होते.

मंगळवारी आमच्या खिडकीतून वीट आली. विटेला चिठ्ठी नव्हती, गरजही नव्हती. मॅक्सीनने काचा गोळा केल्या, एक मोठा तुकडा उचलून त्यात स्वतःकडे बघितलं आणि म्हणाली, "बघ, मी एकटी बावीस माणसं बुडवू शकते. आणि बेकारीच्या ऑफिसात म्हणतात तुझ्याजोगं काम नाही." तिचा आवाज कापत होता. पाच दिवसांत पहिल्यांदा मला दिसलं की पोर घाबरली आहे. त्या रात्री ती दिवा न मालवता झोपली. एकदा उठून माझ्या खोलीच्या दारात आली आणि लहानपणी विचारायची तसं तिने विचारलं, "आई, बाबा येईल ना?"

तेव्हा सांगायला हवं होतं. पोरी, तुझा काही दोष नाही, रेडिओ बिघडलेला आहे, मला बुधवारपासून माहीत आहे. दोन वाक्यं. पण तिला सांगणं म्हणजे गावाला सांगणं. ती ते गाण्यात घालून गोदीच्या फाटकावर ओरडली असती. मी म्हणाले, "झोप आता."

बुधवारी दुपारी गारठा होता आणि भुरभुर बर्फ पडत होता. मॅक्सीन कोळसे आणायला गेली होती. ती गल्लीत शिरली तशी दारं उघडली. मी आवाज ऐकून बाहेर आले तर आठ-दहा बायकांनी तिला भिंतीशी धरलं होतं आणि हिल्डाच्या हातात मासे साफ करायची मोठी कात्री होती. कोळसे रस्त्यावर सांडले होते. कुणी आरडाओरडा करत नव्हतं. त्याचीच जास्त भीती वाटली. या सगळ्या माझ्या ओळखीच्या बायका, एकीने माझं बाळंतपण केलेलं, आणि त्यांचे चेहरे मला ओळखू येईनात.

मॅक्सीन हिसडे देत होती. हिल्डाची कात्री तिच्या कानाजवळ होती, आणि पोर अशीच हलत राहिली तर कान जाणार हे दिसत होतं.

हिल्डा माझ्याकडे वळली. "मेव्हिस, तू धर तिला. तू धरलंस तर ती हलणार नाही."

मी पुढे झाले. त्या क्षणी सगळ्या गप्प होत्या, सगळ्या ऐकायला तयार होत्या. मी त्यांना काय वाटेल ते सांगू शकले असते. मी मॅक्सीनचं डोकं दोन्ही हातांनी माझ्या छातीशी घट्ट धरलं आणि तिच्या कानात म्हणाले, "हलू नकोस, लागेल." ती हलायची थांबली. एकदम. आईने धरल्यावर लेकरू थांबतं तशी.

हिल्डाने मुळापासून कापलं. बर्फाने केस भिजले होते आणि रंग सुटून तिच्या बोटांवर, माझ्या बोटांवर, माझ्या एप्रनवर उतरत होता. कुणीतरी फावड्यात निखारे आणले, केस त्यावर टाकले आणि त्यांचा घाण वास गल्लीभर पसरला. मॅक्सीनचं डोकं फार लहान दिसत होतं. मागे मानेवर एक जन्मखूण आहे, ती मी सोळा वर्षांनी पाहिली.

त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी मिस्टर पॅश्ली दिसले.

मच्छीमारांच्या मिशनचे हे गृहस्थ काळा कोट घालून कुणाच्या गल्लीत शिरले की त्या गल्लीत दिवसाही पडदे ओढले जातात. बातमी नेहमी तेच आणतात. कधी चहाला म्हणून ते येत नाहीत. ते चालत आले आणि आम्ही सगळ्या आपापल्या जागी थिजलो, कारण ते कुणाच्या दाराकडे वळतात तेवढंच बघायचं होतं. माझ्या मुलीचं डोकं अजून माझ्या हातात होतं. मनात मी म्हणत होते, हिल्डाच्या दारी जा, हिल्डाच्या दारी जा. देवाने मला याची क्षमा करू नये.

ते कुणाच्याच दारी गेले नाहीत. गल्लीच्या मधोमध उभे राहून त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले की एला ग्रेस सापडली. एका दुसऱ्या बोटीने तिला नॉर्वेच्या एका खाडीत आडोशाला उभी पाहिली. बर्फाने पांढरी झाली आहे, पण बावीसच्या बावीस माणसं जिवंत आहेत.

बायका रस्त्यात बसल्या. कुणी रडलं, कुणी देवाचं नाव घेतलं. जिवात जीव आला, आणि मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा त्या फावड्याकडे गेल्या, जिथे केस अजून धुमसत होते. "बघा," कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं. "बघा, कापल्याबरोबर." मिस्टर पॅश्लींनी सांगितलं होतं की बोट आदल्या रात्रीच दिसली होती. ते कुणी ऐकलं नाही. आजही हेसल रोडवर म्हाताऱ्या बायका ही गोष्ट सांगतात आणि त्यात ती रात्र नसते.

आठवड्याने विल्फ घरी आला. उजव्या हाताची दोन बोटं थंडीने काळी पडली होती. मी मटणाचा स्ट्यू केला होता. मॅक्सीन लोकरी टोपी घालून टेबलाशी बसली. त्या बुधवारपासून ती माझ्याशी वाईट वागली नव्हती. उलट रात्री माझ्याजवळ येऊन बसायची, काही न बोलता. मला वाटतं, तिने मनात ठरवून टाकलं होतं की आई घाबरून वेडी झाली होती, आणि घाबरलेल्या माणसाला माफ करायचं असतं.

विल्फने टोपी बघितली, मग टोपीखालचं भादरलेलं डोकं बघितलं. मी घाईघाईने म्हणाले, "त्यांची फॅशन आहे." तो हसला. खाता खाता वादळाचं सांगू लागला. कसं पाच दिवस आळीपाळीने बर्फ फोडला, कसा कॉलिन आईला हाका मारत होता आणि तरी कुऱ्हाड सोडत नव्हता. मग पाव मोडून स्ट्यूत बुडवत म्हणाला, "रेडिओ तर शुक्रवारीच मेला. मी तुला म्हटलं नव्हतं, मेव्हिस, तो दगा देणार म्हणून?"

मॅक्सीनने चमचा खाली ठेवला.

"कधी म्हटलं होतंस, बाबा?"

"बुधवारी. निघायच्या आदल्या दिवशी. तू ताट टाकून गेलीस ना, तेव्हा."

तिने माझ्याकडे बघितलं. मी पातेल्याकडे बघत राहिले. तिचा हात हळूच डोक्यावर गेला, टोपीवरून, मागे मानेपर्यंत. विल्फला काही कळलं नाही. तो विचारत होता, आणखी बटाटे आहेत का.

ती वर गेली आणि अर्ध्या तासाने पिशवी घेऊन खाली आली. अंगात तो हिरवा सदरा होता, वर पिवळं जाकीट, गळ्यात माझ्या आईची सुई. दोघी मैत्रिणी त्याच रात्री व्हॅनने लीड्सला निघणार होत्या, तिथे एका रिकाम्या घरात बँडवाली पोरं राहत होती. आता हीही त्यांच्याबरोबर जाणार होती. तिने बापाला मिठी मारली. दारात माझ्यापाशी थांबली.

"मला वाटलं होतं तू समुद्राला घाबरलीस," ती म्हणाली. "ते मी समजू शकले असते."

मी तिला हात हलवून निरोप दिला नाही. सवयच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी समोरच्या घराचं दार वाजवलं. आता गप्प राहून वाचवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. बोट भंगारात चालली होती, पोर गेली होती. हिल्डाने दार उघडलं. आतून कॉलिनच्या घोरण्याचा आवाज येत होता. मी उंबऱ्यावरच उभी राहून सगळं सांगितलं. रेडिओ बिघडलेला होता. अर्ज दिला होता, खर्च नको म्हणाले. मला बुधवारीच ठाऊक होतं, आणि मी तुझ्या कात्रीखाली पोरीचं डोकं धरलं.

मला वाटलं ती मला मारेल. मारावं असं वाटत होतं.

 हिल्डाने मागे वळून जिन्याकडे बघितलं, दार थोडं ओढून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "कॉलिननेही मला बुधवारीच सांगितलं होतं."

आम्ही दोघी उभ्या राहिलो. शेजारच्या दारात कुणीतरी पायरी घासत होतं, त्याचा आवाज थांबला. त्या घरचाही पुरुष एला ग्रेसवर होता. आम्ही तिच्याकडे बघितलं, तर तिने मान खाली घातली आणि पुन्हा घासायला लागली.

हिल्डाने एप्रनमध्ये हात पुसले. तिच्या नखांत अजून हिरवा रंग होता.